ब्रेकबाईंची पोटरी

शहरातल्या निम्म्या बायकांना गाडी चालवायला शिकवलेल्या या बाईंना तोंडावर सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतात आणि पाठ वळली की ‘ब्रेकबाई’. बाईंना हे माहीत आहे. आवडत नाही, पण बावीस वर्षं चिकटलेलं नाव खरवडत कोण बसणार? शिवाय त्यात खोटं काहीच नाही. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. दोन्ही ब्रेक एका दांडीने जोडलेले, इकडचा दाबला की तिकडचाही आपोआप खाली जातो. शिकणाऱ्याने घाबरून भलतंच काही केलं तर शिकवणाऱ्याने गाडी थांबवायची, एवढ्यासाठी तो. बाईंचा उजवा पाय बावीस वर्षं त्या ब्रेकवर चार बोटं अधांतरी धरलेला आहे, आणि बावीस वर्षांत त्यांच्या गाडीला साधा ओरखडा नाही. याचा त्यांना गर्व आहे. का नसावा?

तर या पायाच्या पोटरीत एके दिवशी सकाळी काहीतरी उडायला लागलं.

दुखलं नाही, खुपलं नाही. कातडीखालून कोणी टिचक्या माराव्यात तसं. त्या वेळी बँकेत काम करणारी एक बाई गाडी मागे घेत होती आणि भिंत जवळ जवळ येत होती, त्यामुळे बाईंनी पोटरीकडे लक्ष दिलं नाही. संध्याकाळी घरी बघितलं तर टिचक्या चालूच. डोळ्यांना स्पष्ट दिसत होत्या, एक इथे उडाली की दुसरी दोन बोटं खाली. बाईंनी यजमानांना हाक मारली, आणि यजमान येईपर्यंत पोटरी गप्प. यजमान चष्म्याच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवतात, बारीक बघणं हेच त्यांचं पोटापाण्याचं काम. त्यांनी बाईंचा पाय दिव्याखाली घेऊन नीट पाहिला आणि म्हणाले, काही नाही गं. हे ‘काही नाही गं’ पुढे आठ महिने चाललं.

दोन महिन्यांत टिचक्या डाव्या पोटरीतही आल्या. मग अंगठ्याच्या बुडाशी, मग डाव्या पापणीत. बाई घरच्या डॉक्टरांकडे गेल्या. घरचे म्हणजे, त्यांच्या दोन्ही मुलांचे गोवर-कांजिण्या ज्यांनी काढले ते. डॉक्टर पूर्वी माणसाकडे बघायचे, हल्ली संगणकाकडे बघतात. बाई सांगत होत्या आणि डॉक्टर टाइप करत होते. बाई बूट काढायला वाकल्या तर म्हणाले, असू द्या, असू द्या. मग म्हणाले, ताण आहे, वय आहे, झोप नीट घ्या, ह्या गोळ्या महिनाभर घ्या आणि मन जरा दुसरीकडे रमवा. आता मला सांगा, ज्या बाईचं काम भर चौकात नवख्या माणसाच्या हातात चाक देऊन शेजारी बसायचं आहे, तिने मन रमवायचं कुठे? सिग्नलवर? बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बूट पुन्हा घालायचा नव्हताच, कारण तो काढूच दिला नव्हता. चार मिनिटांत बाई रस्त्यावर.

त्यात मोठ्या नणंदबाईंचा फोन. नणंदबाईंना कोणाचं काही दुखलं की आपल्या ओळखीतलं एक उदाहरण आठवतं, आणि त्या उदाहरणातलं माणूस कधीच बरं होत नाही. त्यांच्या शेजारणीच्या मावसभावाचं म्हणे असंच झालं. आधी अंग उडायला लागलं, मग हातातून वस्तू पडायला लागल्या, मग चालणं गेलं, मग बोलणं, दोन वर्षांत आटोपलं. बिचारा फार गुणी होता. हे सगळं सांगून झाल्यावर नणंदबाई म्हणाल्या, पण तू काळजी करू नकोस हं. आणि फोन ठेवला. दुसऱ्याच्या घराला आग लावून वर ‘पाणी प्या’ म्हणून सांगायचं, ही कोणती रीत?

मग बाईंनी फोनवर शोधलं. शोधायला नको होतं हे नंतर सगळ्यांनी सांगितलं, सांगायला काय जातं? मज्जातंतूंचा तो आजार, स्नायूंना मेंदूचा हुकूम पोचेनासा होतो आणि ते वाळत जातात, औषध नाही. त्याचं नाव बाईंनी घरात एकदाही उच्चारलं नाही. मनातल्या मनात त्या त्याला नुसतं ‘तो’ म्हणायच्या. ‘तो’ असला तर ताकद जाते, एवढं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. आणि त्या दिवसापासून बाईंना एकच विचार सुटेना. आपल्या शेजारी कोणीतरी पोर चाक धरून बसलेली असेल, समोरून शाळेची मुलं रस्ता ओलांडत असतील, आपण पाय खाली दाबायला जाऊ आणि पाय जाणारच नाही.

मेल्यावर काय होईल याची बाईंना फारशी भीती नव्हती. भीती होती ती या एका पायाची, कारण रोज सहा-सात जणींचे जीव त्याच्यावर टांगलेले होते.

म्हणून त्यांनी स्वतःची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. सकाळी दात घासताना टाचांवर उभं राहायचं, मग चवड्यांवर, मग एका पायावर. बाथरूममधून धपधप ऐकू आली की यजमान बाहेरून विचारायचे, काय चाललंय? बाई म्हणायच्या, व्यायाम. शिवणाची टेप घेऊन दोन्ही पोटऱ्या मोजल्या, तर उजवी जाड निघाली. बावीस वर्षं जो पाय कामाला जुंपलाय तो जाड होणार नाही तर काय होणार? पण बाईंनी हिशोब उलटा लावला, डावी वाळायला लागली. त्या दिवशी त्यांना घास गेला नाही.

आणि गाडीत? गाडीत त्यांनी काय केलं ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. पाय जातोय ना खाली, हे बघायला त्या ब्रेक थोडा थोडा दाबून बघायला लागल्या. आधी फक्त चढावर. मग वळणावर. मग समोर कोणी दिसलं की. शिकणारीने ब्रेकवर पाय ठेवायच्या आतच तो खाली सरकायला लागलेला असायचा. बायका खूश. म्हणायच्या, बाई, तुमच्या गाडीचा ब्रेक किती हलका आहे हो, नुसता पाय लावला की थांबते. बाई म्हणायच्या, गाडी चांगली ठेवावी लागते.

दिवस असे चालले असताना एका सकाळी झाकणाचा प्रकार झाला. परीक्षेत बाईंनी हातांनाही सोडलं नव्हतं. स्वयंपाकघरातल्या कॉफी, साखर आणि मिठाच्या तिन्ही बरण्यांची झाकणं त्या रोज उठल्याबरोबर उघडून बघायच्या आणि रात्री निजताना जोर लावून घट्ट बंद करून ठेवायच्या. रोज तिन्ही झाकणं सहज उघडायची, रोज तेवढ्यापुरता जीव भांड्यात पडायचा. त्या सकाळी यजमान दुकानात नवा माल येणार म्हणून लवकर गेले होते. बाईंनी कॉफीची बरणी घेतली आणि झाकण हलेना. फडकं घेतलं, तरी हलेना. साखरेचं हलेना. मिठाचं हलेना. बाई तिथेच फरशीवर बसल्या. सकाळची पहिली शिकवणी चुकवली, बावीस वर्षांत पहिल्यांदा. यजमानांना फोन करून एवढंच म्हणाल्या की घरी या.

यजमान धावत आले. फरशीवर बसलेली बायको आणि समोर तीन बंद बरण्या बघून त्यांच्या तोंडाचं पाणी पळालं. आणि मग त्यांनी कबूल केलं. चार महिने ते रोज बाईंच्या आधी उठत होते आणि तिन्ही झाकणं सैल करून ठेवत होते. आज घाईत राहून गेलं.

बाईंनी कॉफीची बरणी दूर सारली. मग म्हणाल्या, “म्हणजे तुम्हालाही वाटत होतं.”

“मला भीती वाटत होती,” यजमान म्हणाले.

“मग रोज काही नाही गं, काही नाही गं, ते काय होतं?”

“अगं, दुसरं मी काय म्हणणार होतो?”

यानंतर बाईंच्या तोंडाचा जो पट्टा सुटला तो खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेला. चार महिने मला खुळ्यात काढलं. मी माझी ताकद मोजत होते आणि तुम्ही मापच बिघडवत होता. मी बरी आहे की नाही हे मला कळायचा एक मार्ग होता, तोही तुम्ही बुजवला, आणि वर तुम्हाला वाटतं की हे प्रेम आहे. बाईंचं काय चुकलं यात? काहीच नाही. यजमान मूग गिळून ऐकत राहिले. बाई दमल्यावर त्यांनी फोन उचलला, मज्जातंतूंच्या डॉक्टरांचा नंबर शोधला आणि वेळ घेतली. तीन आठवड्यांनंतरची मिळाली. हे त्यांनी पहिल्याच महिन्यात करायला हवं होतं, हे त्यांनी स्वतःच म्हटलं, म्हणून बाईंना ते म्हणता आलं नाही. याचाही बाईंना रागच आला.

त्या तीन आठवड्यांत परवान्याच्या परीक्षेचा दिवस होता. बाईंची एक शिष्या होती, घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांच्या जखमा बांधणारी नर्स. तिला शहराबाहेरच्या वस्त्यांवर जायची कायमची नोकरी मिळत होती, पण गाडीचा परवाना असेल तरच. आधी एकदा ती नापास झाली होती. बाईंनी तिला पुन्हा महिनाभर शिकवलं, आणि बाईंच्या गाडीत ती लोण्यावरून सुरी फिरावी तशी गाडी चालवायची. इथे परीक्षा शिकवणीच्या नव्हे, सरकारी गाडीत घेतात. त्या गाडीत दुसरा ब्रेक नसतो. नर्स परीक्षा कार्यालयाचं गेट ओलांडून गेली आणि सहा मिनिटांत परत आली, डोळे लाल करून. चौकात गाडी रेषेच्या एक गाडीभर पुढे जाऊन थांबली होती.

परीक्षक साहेब बाईंना बावीस वर्षं ओळखतात. कागद बाईंच्या हातात देताना ते हळू आवाजात म्हणाले, “बाई, यंदा तुमच्या चौथीला मी याच कारणासाठी नापास केलंय. तुमच्या मुली ब्रेकवर पाय ठेवतात, दाबत नाहीत. मग तुमच्या गाडीत दाबतं कोण?”

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. बावीस वर्षांत एक ओरखडा नाही, आणि हा माणूस मला शिकवणार? सरकारी गाडीचे ब्रेक आधी दुरुस्त करा म्हणाल्या. आणखीही बरंच म्हणाल्या, ते इथे लिहिण्यासारखं नाही. नर्सला म्हणाल्या, तू घाबरतेस म्हणून होतं, घाबरायचं नाही. नर्स म्हणाली, हो बाई. तिला शेवटची तारीख पुढच्या महिन्यातल्या पहिल्या गुरुवारची मिळाली. त्यानंतर ती जागा दुसरीला जाणार होती.

मज्जातंतूंचे डॉक्टर तरुण होते आणि त्यांच्या खोलीत फार थंडी होती. बाई दोन तास बाहेर बसल्या होत्या आणि दोन तासांत काय काय सुनवायचं ते त्यांनी तयार करून ठेवलं होतं. पण आत गेल्यावर डॉक्टरांनी पहिली गोष्ट सांगितली ती म्हणजे, बूट आणि मोजे काढा. मग ते स्वतः खाली स्टुलावर बसले आणि बाईंची पोटरी दोन्ही हातांत धरली, आणि काही न बोलता बघत राहिले. आठ महिन्यांत पहिल्यांदा कोणी वैद्यकी शिकलेल्या माणसाने तो पाय हातात घेतला होता. बाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते चटकन पुसले.

पोटरी नेमकी त्या वेळी उडाली. हं, दिसलं, डॉक्टर म्हणाले. मग टाचांवर चालायला लावलं, चवड्यांवर चालायला लावलं, गुडघ्यावर हातोडी मारली, जीभ बाहेर काढायला लावून बघितली, हात ढकलायला लावले, पाय ढकलायला लावले. बाईंनी पायाने ढकललं तेव्हा डॉक्टरांचं स्टूल मागे सरकलं. शेजारच्या खोलीत स्नायूंत बारीक सुई घालून यंत्रावर त्यांचा आवाज ऐकला, दोन्ही पायांचा, हातांचा. बाईंनी दात आवळून सगळं करू दिलं.

शेवटी डॉक्टरांनी खुर्ची ओढून समोर घेतली. म्हणाले की टिचक्या खऱ्या आहेत, मनाचे खेळ नाहीत. पण ताकद पूर्ण आहे, स्नायू कुठे वाळलेले नाहीत, सुईच्या तपासात काही सापडलेलं नाही. “तुम्ही ज्याला घाबरलाय तो आजार हा नाही. आठ महिन्यांत त्याने आपल्या खुणा दाखवल्या असत्या. ह्या टिचक्या कदाचित जातील, कदाचित वर्षानुवर्षं राहतील. त्या त्रास देतील, पण तुमचं काही घेऊन जाणार नाहीत.”

बाईंना वाटलं होतं की असं ऐकल्यावर आपण रडू किंवा हसू. त्यांना आला तो संताप. हे सांगायला आठ महिने लागावेत? बूट काढून पाय बघायला कितीसा वेळ लागतो? त्यांनी ते तिथल्या तिथे विचारलं. डॉक्टर म्हणाले, तुमचं बरोबर आहे. एवढं सरळ उत्तर आल्यावर बाईंना पुढचं तयार भाषण करता येईना. मग डॉक्टरांनी विचारलं, हा पाय दिवसभर असतो कसा? बाईंनी खुर्चीत बसल्या बसल्या दाखवलं. टाच जमिनीला, चवडा वर उचललेला, खाली नसलेल्या ब्रेकवर चार बोटं अधांतरी.

डॉक्टर बघत राहिले. म्हणाले, असा दहा तास? आणि हल्ली पूर्वीपेक्षा जास्त ताणता का? बाई ‘नाही’ म्हणणार होत्या. पण पाय समोर होता. त्या नसलेल्या ब्रेकवर तो आपोआप खाली गेला होता, जमिनीपर्यंत. बाईंनी तो दाबलेला नव्हता. निदान त्यांना तसं वाटलं नव्हतं. पायाकडे बघता बघता परीक्षक साहेबांचा प्रश्न त्यांना आठवला, आणि त्याचं उत्तर त्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

घरी येताना यजमान आनंदाने फुलून गेले होते, बाई मात्र गप्प. यजमानांना वाटलं थकल्या असतील. बाईंच्या डोक्यात चार जणी होत्या, एक बँकेतली, दोघी कॉलेजातल्या, आणि नर्स. पहिल्या तिघींनी दुसरीकडे शिकवणी लावली होती. बाईंनी त्यानंतरच्या सोमवारी तिघींना फोन केले आणि जे होतं ते सांगितलं. एकीने फोन आपटला. आपटू दे.

नर्स उरली होती आणि गुरुवार तीन दिवसांवर होता. मंगळवारी सकाळी नर्स येऊन चाकापाशी बसली, आरसा नीट केला, पट्टा लावला. बाई म्हणाल्या, गाडी सुरू करू नकोस.

“तू दोनदा नापास झालीस ती माझ्यामुळे,” बाई म्हणाल्या. “ब्रेक तू दाबत नव्हतीस. मी दाबत होते. मला माझ्या पायाचा भरवसा वाटत नव्हता, म्हणून मी तुझ्या आधी दाबत होते. तुझा पाय दाबायला शिकलाच नाही.”

नर्सने त्यांच्याकडे बघितलं. ती शांत पोर होती, उलट उत्तर देणारी नव्हे. पण तिचा चेहरा लाल लाल होत गेला. ती म्हणाली, “मी घरी जाऊन दोनदा रडले बाई. मला वाटलं मी मठ्ठ आहे. आई म्हणाली तुला जमणार नाही, सोड. तुम्हाला माहीत होतं तर मला सांगितलं का नाही?”

बाईंना माहीत नव्हतं, निदान आधी नव्हतं. ते त्यांच्या ओठांवर आलं होतं. आजाराची भीती होती, नणंदबाईंचा फोन होता, घरच्या डॉक्टरांनी बूट काढू दिला नव्हता, खापर फोडायला डोकी भरपूर होती. पण मापच बिघडवलं म्हणून स्वतः घर डोक्यावर घेतलेलं, ते त्यांना स्पष्ट आठवत होतं. बाईंनी ऐकून घेतलं. नर्स बरंच बोलली आणि बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मध्ये एक शब्द काढला नाही. असं त्यांच्या हातून आयुष्यात फार वेळा झालेलं नाही.

नर्सचं बोलून झाल्यावर बाईंनी बूट काढले, दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर चक्क मांडी घालून बसल्या. नर्स बघतच राहिली. बाई म्हणाल्या, हँडब्रेक आहे माझ्या हाताशी, अगदीच वेळ आली तर तो ओढेन. बाकी गाडी तुझी.

गोदामांच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर पहिल्या फेरीला गाडी खांबाच्या बरीच पुढे जाऊन थांबली. दुसऱ्या फेरीला इतक्या जोरात थांबली की बाईंचा पट्टा छातीत रुतला. तासाभराने त्या मोठ्या रस्त्याला लागल्या. मांडीखाली दबलेली उजवी पोटरी सारखी उडत होती. उडेना का, बाई तिला म्हणाल्या, मनातल्या मनात. चढावर समोरचा ट्रक अचानक थांबला. बाईंचा पाय मांडीतून सुटायला धडपडला, त्यांनी तो दोन्ही हातांनी गच्च धरून ठेवला आणि डोळे उघडे ठेवले. हँडब्रेकवर आता कोणाचाच हात नव्हता. नर्सने ब्रेक दाबला, पूर्ण दाबला, आणि गाडी ट्रकच्या मागे हातभर जागा सोडून थांबली.

ट्रक पुन्हा हलला तरी गाडी जागेवरच होती. बाईंनी पाय धरलेलाच होता.

“बाई,” नर्सने हळूच विचारलं, “तुम्हाला भीती नाही वाटली?”

“वाटली की,” बाई खेकसल्या. “न वाटायला मी काय दगड आहे? ट्रक पुढे गेलाय. गिअर कोण टाकणार, मी?”